दातांच्या फटीतली कीड: एकच एक्स-रे, दोन डॉक्टर, दोन सल्ले

प्रश्न थोडक्यात असा: वय ३४. दिवसातून दोनदा ब्रश, दात कधी दुखले नाहीत, आरशात काही दिसत नाही. नेहमीच्या तपासणीत एक्स-रे काढला तर दाढांच्या मधे चार ठिकाणी कीड निघाली. डॉक्टर म्हणाले, दोन भरू, दोनवर लक्ष ठेवू. दुसऱ्या दवाखान्यात तोच एक्स-रे दाखवला तर ‘चारही लगेच भरून घ्या, नाहीतर रूट कॅनालवर जाईल’ असं सांगण्यात आलं. यातलं खरं कुणाचं? रोज घासूनही कीड लागलीच कशी? आणि सात वर्षांच्या मुलाला हे होऊ नये म्हणून काय करायचं?

तुमचा एक्स-रे माझ्यासमोर नाही, त्यामुळे अमुक दाढ भरा आणि तमुक नको असं मी सांगू शकत नाही. पण पद्धत विचाराल तर मला पहिल्या डॉक्टरांची पटते. एक्स-रेवर फटीत दिसणारी प्रत्येक काळी सावली म्हणजे खड्डा नसतो, आणि जिथे खड्डा पडलेला नाही तिथे ड्रिल लावायची घाई करू नये. मात्र ‘लक्ष ठेवू’ म्हणजे काही न करता सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा असं नव्हे. त्या सहा महिन्यांत घरी काय करायचं हे ठरलं नसेल, तर लक्ष ठेवणं म्हणजे नुसतं थांबणं झालं.

कीड नेमकी कुठे लागते ते आधी पाहू. शेजारशेजारचे दोन दात पूर्ण उंचीभर चिकटलेले नसतात. एका छोट्या जागी ते एकमेकांना टेकतात, त्याखाली एक तिकोनी फट असते आणि त्या फटीत हिरडीचं टोक शिरलेलं असतं. कीड टेकण्याच्या जागी नाही, तर तिच्या किंचित खाली, हिरडीच्या वरच्या अंगाला सुरू होते. ब्रशचे केस तिथवर पोचतच नाहीत. तुम्ही तीन मिनिटं घासा, महागडा इलेक्ट्रिक ब्रश घ्या, जोर लावा. दाताच्या बाहेरच्या, आतल्या आणि चावायच्या बाजू स्वच्छ होतील, पण शेजाऱ्याला लागून असलेल्या दोन बाजू तशाच राहतील. त्यामुळे ‘रोज घासूनही’ या तक्रारीत तुमची चूक फारशी नाही. घासणं त्या जागेपर्यंत जातच नव्हतं.

तिथे साचतो तो मऊ, पांढरट थर. त्यातले जिवाणू, त्यांतला सर्वांत प्रसिद्ध स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, आपण खाल्लेली साखर आणि शिजवलेलं पीठ यांचं आम्ल करतात. पीएच हे आम्लता मोजायचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. साधारणपणे आम्लता वाढून पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून, म्हणजे दातावरच्या कठीण आवरणातून, कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतं. लाळ हळूहळू हे आम्ल धुऊन काढते, पीएच वर येतो आणि गेलेली खनिजं काही प्रमाणात परत बसतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात हे दातावर प्रत्यक्ष मोजून दाखवलं: गोड पोचल्यावर काही मिनिटांतच पीएच कोसळतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. फटीत लाळ नीट खेळत नाही, म्हणून तिथे हा वेळ आणखी लांबतो. दिवसभरात ही घसरण किती वेळा होते आणि मधे सावरायला किती वेळ मिळतो, यावर सगळा हिशेब ठरतो.

खनिजं आधी पृष्ठभागाखालून जातात. वरची पातळ कड बराच काळ शाबूत राहते. या अवस्थेत दात दुखत नाही, जीभ लावली तर खडबडीत लागत नाही, आरशात दिसायचा प्रश्नच नाही. आणि याच अवस्थेत कीड थांबवता येते, काही अंशी भरूनही येते. मोठ्यांच्या पक्क्या दातांत इनॅमलची जाडी पार करायला किडीला सरासरी तीन-चार वर्षं लागतात. काहींत ती वर्षानुवर्षं तिथेच गोठून राहते. दुधाच्या दातांत आणि नुकत्याच आलेल्या पक्क्या दातांत वेग बराच जास्त असतो. इनॅमलच्या आत डेंटिन असतं. ते मऊ, आणि पीएच ६ च्या जरा वर असतानाही विरघळू लागणारं. तिथे पोचलेली कीड आडवी पसरते. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं होतं, वरचा रंग जिथल्या तिथे आणि आत भुसा. मग एक दिवस चिवडा खाताना दाढेचा कोपरा तुटून हातात येतो आणि पेशंट सांगतात, ‘कालपर्यंत दाढ अगदी चांगली होती हो.’ ती चांगली नव्हती, एवढंच.

दुखणं ही फार उशिरा मिळणारी सूचना आहे. त्याआधीच्या काही खुणा तुम्हाला घरी कळू शकतात. पूर्वी जिथे काही अडकत नव्हतं अशा एकाच जागी मांसाचा धागा, पालेभाजी किंवा सुपारी रोज अडकायला लागणं. फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत घालून साफ करायचा धागा, एका ठिकाणी पिंजून निघणं. श्रीखंड किंवा जिलेबी खाताना एका बाजूला क्षणभर झिणझिण येणं. दाढेच्या चावायच्या बाजूला, कडेजवळ, आतून राखाडी छटा दिसणं. यातलं काहीही असेल तर तपासून घ्या. काहीच नसेल तरी फटीत कीड नाही असा निष्कर्ष काढू नका. तुमचंच उदाहरण आहे.

आता एक्स-रेबद्दल, कारण तुमचे दोन डॉक्टर त्याच्यावरूनच वेगळे झाले. फटीतली कीड पाहण्यासाठी जो एक्स-रे असतो त्याला बाइटविंग म्हणतात. फिल्मला किंवा सेन्सरला लावलेली छोटी पट्टी तुम्ही दातांत धरता, आणि वरच्या-खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. हॉवर्ड रेपर या अमेरिकन दंतवैद्याने १९२५ मध्ये ही पद्धत मांडली. शंभर वर्षं झाली तरी तिला चांगला पर्याय नाही. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत सरसकट ओपीजी काढतात, म्हणजे संपूर्ण जबड्याचा लांबट एक्स-रे. अक्कलदाढ, जबड्याचं हाड, गाठी पाहायला तो उत्तम. फटीतली सुरुवातीची कीड मात्र त्यात नीट दिसत नाही, कारण शेजारचे दात एकमेकांवर चढलेले दिसतात. तुमचे चार निष्कर्ष ओपीजीवरून काढले असतील, तर आधी बाइटविंग काढून घ्या, मग बाकीचं बोलू.

किरणांची भीती अनेकांना असते. डिजिटल बाइटविंगमधून मिळणारा डोस आपल्याला निसर्गातून, जमिनीतून आणि आकाशातून, एका दिवसात मिळतो त्याहून कमी असतो. म्हणून उठसूट काढावा असं नाही. कीड होण्याची शक्यता जास्त असणाऱ्यांना सहा महिने ते वर्षाने, आणि कमी असणाऱ्या मोठ्या माणसांना दोन-तीन वर्षांनी पुरतो.

बाइटविंग वाचताना आम्ही सावलीची खोली पाहतो. इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्यात असेल तर ई-१, आतल्या अर्ध्यात ई-२. डेंटिनच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात डी-१, मधल्यात डी-२, नसेजवळच्या भागात डी-३. ई-१ आणि ई-२ ला सहसा ड्रिल लावत नाहीत. डी-२, डी-३ मध्ये जवळजवळ नेहमीच पृष्ठभाग फुटून खड्डा पडलेला असतो; तिथे भरणं टाळता येत नाही. मधला डी-१ हाच खरा वादाचा. त्यातल्या बऱ्याच दातांत खड्डा झालेला असतो आणि बऱ्याच दातांत नसतो, आणि एक्स-रेवरून हे ठामपणे सांगता येत नाही. खनिज बरंच कमी झाल्याशिवाय एक्स-रेवर काळं दिसत नाही, म्हणजे कीड दिसते त्यापेक्षा थोडी खोलच असते. उलट बाजूने, काही सावल्या कीड नसतातच. दाताच्या मानेपाशी, जिथे इनॅमल संपतं आणि हाड अजून सुरू झालेलं नसतं, तिथे किरण जास्त आरपार जातात आणि एक फसवी काळी पाचर दिसते. तिच्यावर भरलेल्या दाढा मी पाहिल्या आहेत.

डी-१ च्या बाबतीत मला सर्वांत उपयोगी वाटणारी युक्ती फार स्वस्त आहे आणि फारच कमी वापरली जाते. दात सरळ करायच्या तारा लावण्याआधी दाढांच्या मधे जे छोटं रबरी वेटोळं घालतात, ते त्या दोन दाढांत घालायचं. दोन-तीन दिवसांत दाढा किंचित सरकून फट उघडते. मग रबर काढून, कोरडं करून, प्रत्यक्ष बघायचं. पृष्ठभाग गुळगुळीत आणि अखंड असेल तर भरायचं नाही. खड्डा असेल तर भरायचं. दाढा नंतर आपोआप जागेवर येतात. थोडं ठणकतं, जेवताना अवघडल्यासारखं होतं, पण निर्णय अंदाजाने होत नाही. तुमच्या डॉक्टरांना हे विचारून बघा. ‘कीड कितव्या थरापर्यंत आहे?’ आणि ‘पृष्ठभाग फुटलाय का?’ हे दोन प्रश्न विचारल्यावर जो डॉक्टर स्क्रीन तुमच्याकडे वळवून दाखवतो, त्याच्याकडे राहा.

भरायची घाई नको असं मी का म्हणतो? फटीतली कीड बाजूला असते, पण तिथे पोचायचा रस्ता वरून. म्हणजे दाढेची चांगली, मजबूत कड कापून खाली उतरावं लागतं. आत तांदळाच्या कणीएवढी कीड असली तरी वरून निघणारा दात त्याच्या कितीतरी पट असतो. शिवाय काम करताना शेजारच्या चांगल्या दाताला बर, म्हणजे ड्रिलचं फिरतं टोक, घासला जाण्याचं प्रमाण कमी नाही, आणि ओरखडा उठलेल्या त्या जागी पुढे कीड लागायची शक्यता वाढते. भरलेलं सिमेंट कायमचं टिकत नाही. ते बदलताना खड्डा दर वेळी थोडा मोठा होतो. मग कॅप, मग कधीतरी नस काढणं. हा प्रवास पंधरा वर्षांनी सुरू झाला काय आणि आज सुरू झाला काय, यात फरक आहे. दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात काही वाईट असेलच असं मी म्हणत नाही. कॉलेजात आम्हाला कीड दिसली की काढा असंच शिकवलं गेलं, आणि ‘सहा महिन्यांनी या’ म्हटलेले निम्मे पेशंट थेट गाल सुजल्यावर येतात हाही सगळ्यांचा अनुभव आहे. भरण्याचे पैसे मिळतात, समजावण्याचे मिळत नाहीत, हेही खरं.

ज्या दोन दाढा भरायच्या आहेत त्या मात्र लांबवू नका, आणि नीट भरून घ्या. फटीतल्या भरावात सगळं कौशल्य शेजारच्या दाताशी पुन्हा घट्ट टेकणारा गोलसर आकार परत आणण्यात असतं. त्यासाठी पातळ वळणदार धातूची पट्टी, लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर आणि दात किंचित दूर ढकलणारी कडी वापरतात. काम झाल्यावर खुर्चीतून उठायच्या आधी डॉक्टरांना तिथून फ्लॉस घालून दाखवायला सांगा. तो टक आवाज करत आत गेला पाहिजे आणि न पिंजता बाहेर आला पाहिजे. सहज सुळकन गेला तर टेकण सैल आहे, तिथे रोज जेवण अडकणार. ‘भरल्यापासून अन्न अडकतं’ ही तक्रार घेऊन लोक दोन-दोन वर्षं काडी घालत फिरतात. त्यापेक्षा लगेच परत जा. तो दोष तुमच्या दाताचा नाही.

उरलेल्या दोन दाढांसाठी दवाखान्यात एक गोष्ट करून घेता येईल: फ्लोराइड वार्निश. ५ टक्के सोडियम फ्लोराइड असलेला हा चिकट लेप कोरड्या दाताला लावतात, फटीत फ्लॉसने ओढून घेतात, आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा लावतात. दुसरा पर्याय म्हणजे रेझिन इन्फिल्ट्रेशन. दाढ न कापता, आम्लाने पृष्ठभाग उघडून अगदी पातळ रेझिन (एक प्रकारचं द्रव प्लास्टिक) किडलेल्या इनॅमलमध्ये मुरवायचं. ‘आयकॉन’ नावाने ते मिळतं. ई-२ आणि उथळ डी-१ मध्ये ते चांगलं काम करतं, पण महाग आहे, सगळीकडे होत नाही, आणि खड्डा पडलेला असेल तर उपयोगाचं नाही. परवडत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. वार्निश आणि खाली सांगतो ते घरचं काम एवढ्यावर पुष्कळ किडी थांबतात.

घरचं काम म्हटलं की सगळे फ्लॉसपासून सुरुवात करतात. मी मुद्दाम पेस्टपासून करतो. पेस्टमध्ये फ्लोराइड हवं. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत एक हजार भाग) आहे आणि तो आकडा ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे, तेव्हा ट्यूब उलटी करून वाचा. हर्बल, आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतं. लवंग, कडुलिंब, मीठ यांनी तोंडाला ताजेपणा येतो, पण इनॅमलमध्ये खनिज परत बसवायचं काम फ्लोराइड करतं. राखुंडी, कोळसा आणि विटेची पूड दात झिजवतात. मशेरीबद्दल तर काय बोलायचं, ती भाजलेली तंबाखू आहे. ‘दात घासल्याशिवाय पोट साफ होत नाही’ म्हणणाऱ्या आज्यांना मशेरी सोडवणं हे किडीपेक्षा मोठं आणि जास्त गरजेचं काम आहे.

रात्री झोपताना घासणं सर्वांत महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. घासून झाल्यावर फेस थुंका आणि तिथेच थांबा. खळखळून चूळ भरू नका. आपल्याकडे तीन-चार वेळा चुळा भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या चुळांबरोबर फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. पेस्टची चव थोडा वेळ तोंडात राहू द्या. आठवड्यात सवय होते.

फ्लोराइड विषारी असतं ना, हा प्रश्न विशेषतः चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडचे लोक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी पक्के दात जबड्यात तयार होत असताना असं पाणी रोज पोटात गेलं तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग येतात, आणि वर्षानुवर्षं गेलं तर हाडंही बिघडतात. पण ते पोटात गेलेलं फ्लोराइड. पेस्टमधलं वरून लावायचं आणि थुंकायचं असतं. अशा गावात राहत असाल तर पिण्याचं पाणी बदलण्यावर जोर द्या आणि लहान मुलाला पेस्ट गिळू देऊ नका. मोठ्यांनी पेस्ट सोडायचं कारण नाही.

दुसरं, गोड किती वेळा. ‘किती’पेक्षा ‘किती वेळा’ महत्त्वाचं, हे सिद्ध करणारा प्रयोग स्वीडनमध्ये लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म इथे १९४० च्या दशकात झाला. मतिमंद रुग्णांच्या संस्थेत त्यांच्या संमतीशिवाय त्यांना चिकट टॉफ्या खाऊ घातल्या गेल्या. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही, आणि करूही नये. निष्कर्ष मात्र टिकला: जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने किडी फारशा वाढल्या नाहीत, जेवणांच्या मधे खाल्लेल्या चिकट गोडाने प्रचंड वाढल्या. आपल्या घरी याचा अर्थ असा की जेवणात पुरणपोळी खा, शेवटी बासुंदी घ्या, फार बिघडत नाही. बिघडतं ते ऑफिसात दर तासाला अर्धा कप साखरेचा चहा आणि सोबत दोन बिस्किटं यांनी. चहा एका दमात प्यायला तर एक घसरण. फ्लास्कमधून घोट-घोट करत दुपार काढली तर दाताला सावरायला वेळच नाही. मला असे पेशंट भेटतात जे मिठाईला हात लावत नाहीत, ‘डॉक्टर, मी गोड खातच नाही’ म्हणतात, आणि त्यांच्या चहाचे कप मोजले की दिवसाला सात-आठ निघतात. मधल्या वेळचा चहा बिनसाखरेचा करा किंवा त्यांची संख्या निम्मी करा. चार दिवस डोकं धरेल, मग जमतं.

चिकटपणाही बघा. राजगिऱ्याची चिक्की, खजूर, मनुका, गुळाची ढेप, वेफर्स, मैद्याची बिस्किटं हे सगळं फटीत बसून राहतं. उपवासाच्या दिवशी आपण जेवत नाही पण दिवसभर चरतो, हेही ध्यानात असू द्या. शेंगदाणे, फुटाणे, पनीर, काकडी यांचा त्रास नाही. आणि औषधांच्या नावाखाली जाणारी साखर: मुलांचं खोकल्याचं गोड सिरप झोपताना घेतल्यावर दात घासणं होत नाही, होमिओपॅथीच्या साखरगोळ्या काही घरांत दिवसातून चार-सहा वेळा चघळल्या जातात. औषध चालू ठेवायचं की नाही हे तुमचे डॉक्टर सांगतील, पण प्रत्येक डोसानंतर पाणी प्यायला द्या.

आता फ्लॉस. याबद्दल जरा स्पष्ट बोलतो, कारण आमच्या व्यवसायात त्याचं कौतुक पुराव्यापेक्षा जास्त होतं. फ्लॉसने हिरड्यांची सूज आणि रक्त येणं कमी होतं, यावर फारसा वाद नाही. किडीबाबत चित्र मिश्र आहे. शाळकरी मुलांच्या एका अभ्यासात प्रशिक्षित माणसांनी शाळेच्या दर दिवशी, पावणेदोन वर्षं, मुलांचे दात फ्लॉस केले तेव्हा फटीतल्या किडी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या. जिथे मुलांनी स्वतः केलं तिथे फरक दिसला नाही. याचा मी लावतो तो अर्थ असा की फ्लॉस नीट झाला तरच उपयोगी, आणि बहुतेकांचा नीट होत नाही. धागा मधे घुसवला, वर-खाली केला, काढला, यात फक्त अडकलेला कण निघतो. थर तसाच.

नीट म्हणजे कसं? हातभर धागा घ्या, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मधे दोन बोटं अंतर सोडा. करवतीसारखा मागे-पुढे करत हळू आत उतरवा, झटक्याने हिरडीवर आदळू नका. आत गेल्यावर एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवा, हिरडीच्या कडेखाली किंचित जाऊ द्या आणि दाताला घासत तीन-चार वेळा वर-खाली करा. मग त्याच फटीत दुसऱ्या दाताला. सुरुवातीला चार-पाच दिवस रक्त येईल. ते सूज असल्यामुळे येतं, फ्लॉसमुळे जखम झाली म्हणून नव्हे. आठवड्यात थांबलं नाही तर दाखवा. दाढांपर्यंत बोटं पोचत नसतील तर धनुष्यासारखी प्लास्टिकची फ्लॉसकाडी चालते. वेळ रात्रीची, आणि ब्रशच्या आधी, म्हणजे मोकळ्या झालेल्या फटीत पेस्टचा फेस शिरतो. रोज सगळ्या फटी जमत नसतील तर निदान त्या चार जागा आणि त्यांच्या शेजारच्या करा. एवढं करणारा पेशंटही मला विरळाच मिळतो.

हिरड्या उतरल्यामुळे फटी उघड्या पडल्या असतील, जे चाळिशी-पन्नाशीनंतर बऱ्याच जणांचं होतं, तर धाग्यापेक्षा बारीक इंटरडेंटल ब्रश चांगला. बाटली धुवायच्या ब्रशचं हे छोटं भावंड. फटीत किंचित घट्ट जाईल पण जोर लावावा लागणार नाही असं माप निवडा; एकाच तोंडात दोन मापं लागू शकतात. पाण्याच्या फवाऱ्याचं यंत्र ब्रिज किंवा तारा असणाऱ्यांना सोयीचं, बाकीच्यांना ऐच्छिक. टाचणी, सेफ्टी पिन, बांगडीची तार, आगपेटीची काडी यांनी फक्त हिरडी फाटते. आणि जत्रेत काटेरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणाऱ्यासमोर तोंड उघडू नका.

आता मुलाचं. सातव्या वर्षी त्याच्या तोंडात दुधाच्या दाढा आणि त्यांच्यामागे नुकतीच आलेली पहिली पक्की दाढ असं मिश्रण असेल. ही पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दात न पडता, मागून गुपचूप येते. अनेक आईवडील तिला दुधाचीच समजतात. दुधाच्या दोन दाढा एकमेकींना रुंद पट्टीने टेकतात, म्हणून मुलांत कीड सर्वांत जास्त तिथेच होते. ‘पडणारेच दात आहेत’ हे वाक्य मी रोज ऐकतो. समोरचे दात सहा-सात वर्षांत पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बाराव्या वर्षापर्यंत राहतात. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागच्या बाजूला कीड असेल तर तिला चिकटून उभी असलेली नवी पक्की दाढ त्याच थरात बुडालेली असते. आणि दुधाची दाढ लवकर काढावी लागली तर मागची पुढे सरकते आणि खालच्या पक्क्या दाताची जागा जाते.

त्याच्या दाढांमधे फट उरलेली नसेल तर त्याचाही एकदा बाइटविंग काढा. सात वर्षांचा मुलगा स्वतः नीट ब्रश करू शकत नाही, फ्लॉस तर नाहीच; रात्रीचं घासणं तुम्ही करा, तो सकाळी हवं तसं करेल. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी. झोपताना त्याला मांडीवर आडवं करून फ्लॉसकाडीने फक्त दाढांच्या मधल्या फटी काढा, मिनिटभराचं काम आहे. वार्निश वर्षातून दोनदा. ‘सीलंट लावलंय, आता काळजी नाही’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, सीलंट हा दाढेच्या माथ्यावरच्या खाचा बुजवणारा लेप असतो, फटीला त्याचा उपयोग नाही. कीड डेंटिनमध्ये गेली असेल आणि मूल खुर्चीत बसत नसेल तर ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावून ती थांबवता येते. ना इंजेक्शन, ना ड्रिल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेली जागा कायमची काळी होते, हा त्याचा तोटा. मागच्या दाढेत तो कुणाला दिसतो?

घरात वयस्कर मंडळी असतील तर एक गोष्ट. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी यांच्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, आणि उघड्या पडलेल्या मुळांवर, नेमक्या फटींत, किडी झपाट्याने होतात. तोंड कोरडं पडतंय म्हणून लिमलेटच्या गोळ्या चघळणं हा सर्वांत वाईट उपाय. बिनसाखरेचं च्युइंगगम किंवा पाण्याचे घोट चालतील. मधुमेह आटोक्यात नसेल तर फटींचं काय, हिरड्यांचंही खरं नसतं.

तर आता क्रम असा ठेवा. ज्या दोन जागी खड्डा आहे त्या महिन्याभरात भरून घ्या. उरलेल्या दोन कोणत्या थरात आहेत ते विचारा. डी-१ असेल तर रबर घालून बघायला सांगा. वार्निश सुरू करा. चहाचे कप आजपासून मोजा. सहा महिने ते वर्षाने त्याच जागेचा, शक्यतो त्याच कोनातून, बाइटविंग काढून जुन्याशेजारी ठेवून बघायचा. सावली तेवढीच असेल तर कीड थांबली आहे, दातात काही करायचं नाही. वाढली असेल तर आता भरायची, आणि ‘आधीच भरली असती तर’ अशी हळहळ नको, कारण इतक्या कमी काळात मोठ्या माणसाच्या दाढेत फारसं नुकसान होत नाही. त्यासाठी आजचा एक्स-रे तुमच्याकडे हवा. मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून भागणार नाही. मूळ फाइल मागून घ्या, तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी दवाखाना कोणताही असो, ती सोबत न्या.